मौनातलं तिसरं कडवं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोचच वाटतोय...

ठिकाण : चौल, आमच्या वाचनालयाचा हॉल. वेळ संध्याकाळी साडेपाचची, म्हणजे चांगलं ऊन होतं.

रोज टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बघून निवृत्त संगीतशिक्षक दामले सरांनी, जगात शांतता नांदावी म्हणून, समूहगान बसवलं. गाणं त्यांनीच लिहिलेलं. आधी गाणं, मग सगळ्यांनी दोन मिनिटं मौन. गाणारे आम्ही अकरा जण. त्यात मी आणि माझी थोरली जाऊ, शालूताई. वाडीतल्या विहिरीच्या पंपावरून आमचा चार वर्षं अबोला होता, म्हणून सरांनी आम्हाला दोन टोकांना उभं केलेलं.

तिसरं कडवं एकटीनेच म्हणायचं होतं. ते तिलाही हवं होतं, मलाही. भांडण अर्थातच सरांमार्फत.

"सर, तिला सांगा, तिचा वरचा सा लागत नाही."

"सर, त्यांना सांगा, तुमचा खालचाही लागत नाही."

शेवटी सर वैतागले. "शांततेच्या गाण्यावरून भांडताय... कडवंच रद्द."

कार्यक्रमाच्या दिवशी दोन कडवी कशीबशी पार पडली. मौन सुरू झालं. सगळ्यांनी डोळे मिटले. आणि — तिसरं कडवं सुरू झालं. स्पष्ट, संथ, शालूताईच्या आवाजात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मौनातसुद्धा हिला राहवत नाही? मी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ती माझ्याकडेच रागाने बघत होती. गाणं मात्र चालूच होतं...

मौन संपल्यावर पहिल्या रांगेत बसलेली, आमच्या वाडीत सुपारी सोलायला येणारी ताराबाई म्हणाली, "बाई, दोघींनी काय ग्वाड म्हटलंत." सर आम्हा दोघींकडे रोखून बघत म्हणाले, "मौन म्हणजे मौन असतं हो." मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र फक्त पंख्याची घरघर आणि कुणाची तरी शिंक.

पायरीवर चपला घालताना शालूताई चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मीना, तू गायलीस ना?"

"नाही हो ताई. मला तुमचा आवाज ऐकू आला."

"मला तुझा आला." तिने दुसरी चप्पल पायात सरकवली. "पण सुरात होता गं."

"मग आपण नव्हेच," मी म्हटलं.

"हं. ते मात्र खरं."

हसू आवरेना, आणि अंगावरचा काटाही जाईना. तशाच दोघी बरोबर घरी आलो.

या गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही. तो करायला म्हणून शालूताई रोज चार वाजता माझ्याकडे येते, चहा घेते, सगळं पहिल्यापासून उगाळते, आणि उठताना म्हणते, "काही म्हण मीना, गायली तूच होतीस."