काकूंचं राहिलेलं दर्शन

“दिसला का नीट?” यादगिरीगुट्ट्याच्या नरसिंहाच्या देवळातून बाहेर पडलं, की काकूंचा पहिला प्रश्न हाच. पाहुणा “हौ” म्हणाला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मग त्या पायरीवर टेकून स्वतःचे गुडघे चेपत बसायच्या.

काकू हैदराबादेत हिमायतनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्या घराला गावाकडचे लोक हक्काची धर्मशाळा समजतात. नांदेड-लातूरकडचं कुणी ना कुणी इथल्या कोठी भागातल्या डॉक्टरला दाखवायला यायचं. रिपोर्ट मिळेपर्यंत मधला एक दिवस मोकळा. “आलोच आहोत तर नरसिंहाचं दर्शन घेऊ,” असं पाहुण्यांनी म्हणायचं आणि काकूंनी सुजलेल्या पायांत चपला सरकवायच्या.

जिन्यात भेटल्या की मी विचारायची, “आज पुन्हा?”

“काय करू माय, पाहुणे येऊ लालेत. देव पण परेशान झाला असंल मला बघून.”

देवानं त्यांना पाहिलं असेल. त्यांनी देवाला कधी धड पाहिलं नव्हतं. गाभाऱ्यासमोर क्षणभर उभं राहायला मिळतं, तेवढ्यात “जरगंडी, जरगंडी” म्हणून पुढे सरकवतात. तो क्षण काकूंचा कुणाचं पोर उचलून धरण्यात, कुणा म्हातारीला पुढे करण्यात जायचा. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “एकदा पाहुण्यांबिगर जायचंय बघ. मागायचं काही नाही. नुसतं पोटभर बघायचं.”

गुडघे पार गेले, तेव्हा मीच त्यांना नेलं. व्हीलचेअर थेट गाभाऱ्यासमोर आली. काकूंनी हात जोडले आणि सवयीनं मागे वळून पाहिलं. एक बुटकी, अनोळखी आजी टाचा उंचावत होती.

“अगं, खुर्ची सरकव. त्यांना दिसू दे की!”

मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच चाक फिरवलं. आजी पुढे झाल्या, रांगेनं आम्हाला बाहेर ढकललं.

बाहेर आल्यावर मी चिडूनच विचारलं, “काकू, तुम्हाला दिसला का नीट?”

“राहिलाच की गं,” त्या हसल्या. “पुढच्या टायमाला.”

मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याहून जास्त माया.

पुढची वेळ आलीच नाही. दिवाळीच्या आधी काकू गेल्या. वरच्या मजल्याला आता कुलूप आहे. गावाकडचे लोक येतात अजून, लॉजवर उतरतात.

परवा मी एकटीच गेले. रांगेत पाय भरून आले, पाठ धरली, कशाला आले असं झालं. शेवटी गाभाऱ्यासमोर पोचले.

“अम्मा, जरगंडी.”

मी सरकले नाही. पुन्हा आवाज आला, जरा चढा.

“थांबा हो,” मी मराठीतच म्हणाले, “आमच्या काकूंचं बघायचं राहिलंय.”