बादशहाच्या फुलदाणीत माझा पेला

सुजातानं, माझ्या लेकीनं, पत्रात बजावलं होतं की भांडी आणू नकोस, इथे सगळं मिळतं. तरी नागपूरहून निघताना मी स्टीलचे सहा पेले बॅगेत घातलेच. शिक्षिका झाल्यावर पहिल्या पगारातून घेतलेले आहेत ते, प्रत्येकावर माझं नाव कोरलेलं. अमेरिकेला जायचं म्हणून ते घरी का ठेवायचे?

सत्त्याऐंशीचा मे महिना होता. डेट्रॉइटच्या विमानतळावरून नोव्हायला, सुजाताच्या गावी पोचलो. रस्ते ऐसपैस, पण पायी चालणारं माणूस औषधाला नाही. घरात शिरताच टेबलावर चिनी फुलदाणी दिसली. पांढऱ्यावर निळी वेल, मध्ये फुगीर, तोंड कर्ण्यासारखं. उचलून पाहिली तर तळाला सहा चिनी अक्षरं. जावई मिलिंदराव मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्यांनी ती गराज सेलमधून (घरच्या जुन्या वस्तूंची दारातली विक्री) आणली होती. तळाला भोक पाडून, वायर घालून ते तिचा दिवा करणार होते. जावयाच्या घरी पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मी गप्प बसले. तेवढी एकदाच.

शनिवारी सुजाता मला म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे काचेआड तशाच दोन फुलदाण्या. मधोमध धूपपात्र, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्तीची घरं आणि दोन टोकांना या. माहिती सांगणाऱ्या चिनी बाईंना मी सुजाताकरवी प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्या म्हणाल्या, हा पाच वस्तूंचा संच बुद्धापुढे किंवा पूर्वजांपुढे मांडतात. फुलदाणीचा आकार पितरांना मद्य वाहायच्या फार प्राचीन काशाच्या पेल्यावरून आलेला. तळाची सहा अक्षरं म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचं नाव, पण नंतरचे कुंभारही ती सर्रास काढत. पुढे संच फुटले, फुलदाण्या परदेशी गेल्या आणि कित्येकींचे दिवे झाले.

हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला मात्र संताप आला. आम्ही बुद्धाला शरण गेलेली माणसं. त्याला फुलं वाहायचं भांडं आमच्याच घरात बल्ब धरून उभं राहणार होतं.

घरी आलो तर मिलिंदराव बेसमेंटमधून (तळघरातून) वर येत होते, हातात फुलदाणी. भोक पाडून झालं होतं, नेमकं त्या सहा अक्षरांवर. सुजातानं म्युझियममधलं सांगितलं तसा त्यांचा चेहरा पडला. बैल गेला नि झोपा केला, अशी माझी गत.

"सॉरी, आई, मला आयडियाच नव्हती," ते म्हणाले. "पण आता पाणी राहणार नाही तिच्यात. लॅम्पच होऊ दे."

मी फुलदाणी त्यांच्या हातातून काढून घेतली. "भोक पाडलं म्हणून तिचा दिवा होत नाही. उद्या वंदनेला ती बुद्धापुढेच राहील."

रविवारी बुद्धपौर्णिमेसाठी आसपासची आपली सगळी कुटुंबं जमणार होती. मी माझा एक पेला फुलदाणीच्या तोंडात बसवला, पाणी ओतलं आणि अंगणातली जांभळी लायलॅकची फुलं त्यात ठेवली. पेल्याची कड चांगली बोटभर वर दिसत होती. लोक हसतील, सुजाता कुजबुजली. हसू देत, म्हटलं. वंदना झाली, आणि पाण्याचा एक थेंब गळला नाही.

परत येताना बॅगेत पाचच पेले होते. मिलिंदराव लिहितात, पाणी आता तेच बदलतात. सहावा कुठे हरवला, असं शेजारणी विचारतात. हरवला नाही, बुद्धापुढे ठेवलाय, मी सांगते. बादशहाच्या नावाला भोक पडलं. माझं नाव शाबूत आहे, आणि पाणी त्यानंच धरलंय.