चेनच्या पेटीतलं खोबरेल

वामनराव संध्याकाळी फिरतीवरून परतले की फटफटी पडवीत चढवायचे, पाय धुवायचे आणि आतून पाट आणून तिच्या डाव्या अंगाला बसायचे. इंजिनाच्या त्या बाजूला एक लांबट लोखंडी पेटी होती. तिच्यावरचं लहानसं बूच ते काढून ठेवायचे आणि पेटी निवेपर्यंत तिथून उठायचे नाहीत. आजूबाजूच्या घरांत दिवे लागायचे, मुलांचे पाढे म्हणून व्हायचे, तरी हे आपले तिथेच. घरी आलेल्या पाहुण्याजवळ बसावं तसे.

मी तेव्हा रत्नागिरीच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. वामनराव रस्त्यांवरचे ओव्हरसियर. उंच, जरा वाकलेले, कपड्यांवर कायम जांभ्याची तांबडी धूळ. ‘कोकणातला रस्ता दोनच जागी सपाट असतो, मास्तर. नकाशात आणि वरिष्ठांच्या बोलण्यात,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणाले आणि तिसऱ्या दिवसापासून अरेतुरे करू लागले.

त्यांची पत्नी मी राहायला जायच्या आदल्या वर्षी तापानं वारली होती. मूलबाळ नव्हतं. एका घरात दोन माणसं आणि त्यातलं एक गेलं, एवढाच त्यांच्या संसाराचा इतिहास. तो ते कुणाला सांगत नसत.

पेटीजवळ का बसता, हे मी एकदा सरळच विचारलं. त्यांनीही सरळच सांगितलं. त्या पेटीत इंजिनाकडून मागे जाणारी चेन असते आणि क्लच असतो. क्लचच्या चकत्यांना बुचाच्या लाकडाचे तुकडे बसवलेले असतात आणि त्या तेलात बुडून फिरतात. तेल पातळ हवं. ते मुंबईहून डब्यातून यायचं, आणि पावसाळ्यात आगबोट बंद. पत्नी गेली त्याच पावसाळ्यात डबा संपला. इंजिनाचं दाट तेल घालून पाहिलं, तर क्लच दाबला तरी सुटेना. दिव्यात जाळायचं उंडीच्या बियांचं तेल, उंडेल, घातलं, तर सगळं चिंचेच्या कोळासारखं चिकट झालं. मिरकरवाड्यात होड्यांना लावतात ते माशाचं तेल घातलं, तेव्हा हातखंब्यापर्यंत कुत्री मागे लागली.

हे सांगताना ते हसले. मग म्हणाले, ‘कोनाड्यात हिची खोबरेलाची बाटली होती. ती ओतली. फटफटी लोण्यासारखी चालली. पालीहून परत येत होतो, पेटी तापली होती, आणि चढावर एकाएकी हिच्या वेणीचा वास आला. अगदी मागे बसल्यासारखा. मी वळून बघितलं, मास्तर. लाज वाटली, पण बघितलं.’

आगबोट सुरू झाली, मुंबईचं तेल पुन्हा मिळू लागलं, पण वामनरावांनी ते मागवलं नाही. बाजारातून खोबरेल आणून घालत राहिले. गावात चेष्टा व्हायची. ओव्हरसियरसाहेब फटफटीची वेणीफणी करतात म्हणायचे. ते ऐकून ते मान हलवायचे. ‘यंत्राला जीभ नसते, पण आवड असते,’ असं काहीतरी म्हणून पुढे जायचे.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हे ठीक होतं. अडचण थंडीची. पौषात सकाळी खोबरेल थिजतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. बाटली उन्हात ठेवायची, नाहीतर चुलीच्या कडेला. वामनरावांनीही तेच केलं. एका घमेल्यात निखारे घेऊन ते पहाटे त्या पेटीखाली सरकवायचे. वर पेट्रोलची टाकी, खाली निखारे, आणि शेजारी हा माणूस कांबळं पांघरून उकिडवा बसलेला. मला ते पाहून झोप लागेनाशी झाली. एक दिवस पेट घ्याल, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. ते म्हणायचे, ‘तुझं पुस्तक बरोबर आहे, मास्तर. पण पुस्तकाला थंडी वाजत नाही.’

मग ती सकाळ आली. वाटेतली एक मोरी खचल्याचा निरोप आला आणि घाईत त्यांनी घमेलं घेतलंच नाही. फटफटी सुरू केली, क्लच दाबला, गिअर टाकला. आतलं तेल गोठलेलं, चकत्या एकमेकींना चिकटलेल्या. क्लच सुटलाच नाही. फटफटीनं बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, खालच्या पाणंदीत उडी घेतली. काशी नावाची खारवीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चढून येत होती. ती बाजूला झाली म्हणून वाचली, पण गडग्याच्या दगडांवर आपटून तिचं मनगट मोडलं.

वामनरावांनी तिला स्वतः दवाखान्यात नेलं. हात बांधून होईपर्यंत ते दाराशी उभे होते. ती बाई कळवळत होती, तरी तोंड चालू होतं. ‘आमच्या डोईला मिळत नाय तेल, आन सायबाची फटफटी त्यात न्हाते,’ म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून तीच म्हणाली, ‘जावा आता घरी. मी काय मेलेली नाय.’

घरी आल्यावर मी बोललो. तावातावानं नाही, शांतपणे बोललो, आणि तेच मला आज जास्त टोचतं. मी म्हणालो, ‘वामनराव, तुमच्या आठवणीसाठी दुसऱ्यानं हात मोडून घ्यायचा का?’

ते खांबाला टेकले. मग म्हणाले, ‘नाही. घाल तुझं तेल.’

मी मुंबईला लिहून योग्य तेलाचा डबा मागवला. डबा आला त्या रविवारी पेटी उघडली, बुचाचे तुकडे रॉकेलनं तीनतीनदा धुतले आणि नवं तेल मापानं भरलं. फटफटी पहिल्या लाथेला सुरू झाली. क्लच हलक्या हातानं सुटू लागला. मला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी ते परतले. सवयीनं पाट आणला, बूच काढलं, वाकले. आणि बूच परत लावून पाट घेऊन आत गेले.

त्यानंतर ते उशिरा येऊ लागले. मग आठवड्यातले काही दिवस येईनासे झाले. रस्त्याच्या कामावर झोपडीतच मुक्काम करायचे. भेटले की नीट बोलायचे, माझ्या जेवणाची चौकशी करायचे. राग असता तर मला बरं वाटलं असतं. एकदा मी वेड्यासारखं केलं. त्यांची यायची वेळ बघून वाटीत खोबरेल तापवलं आणि पडवीत नेऊन ठेवलं. त्यांनी ओळखलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘ती वाटेनं बरोबर यायची रे. वाटीत कशी येईल?’

मी म्हणालो, पुन्हा पूर्वीचं तेल घालू या. थंडीपुरतं बदलत जाऊ. त्यांनी नको म्हटलं. काशीचा हात वाकडा जुळला होता, तो त्यांनी पाहिला होता.

पुढच्या वर्षी त्यांनी अर्ज करून बदली मागून घेतली, तीही खानदेशात, जिथे त्यांच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. फटफटी देवरुखच्या एका डॉक्टरांना दिली. ती उत्तम चालते, असं ते डॉक्टर मला भेटले की आवर्जून सांगत. वामनराव तिकडेच वारले. मला ते पुष्कळ महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामाच्या बोलण्यात.

आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाचा आहे. मी चुकलो असतो तर माफी मागून मोकळा झालो असतो. पण मी बरोबर होतो, आणि बरोबर असल्याची माफी कुणाकडे मागायची, हे मला अजून सापडलेलं नाही.

ते खानदेशात जायला निघाले त्या दिवशी मी बंदरावर पोचवायला गेलो होतो. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती आणि उतारूंना पडावातून नेत होते. सामान म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी. पडावात पाय ठेवण्याआधी ते थांबले.

‘मास्तर, तू मला सुखरूप केलंस,’ ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. ‘आता या सुखरूपपणाचं काय करायचं, तेवढं सुचलं तर कळव.’

मी हो म्हणालो. पडाव सुटला. आतली सगळी माणसं किनाऱ्याकडे वळून हात हलवत होती. वामनराव आगबोटीकडे तोंड करून बसले होते.