महिन्याच्या बोलीवर आणलेला कॉकॅटिल

लिफ्टमनकाका तसे मितभाषी. दिवसभर लोखंडी खोक्यात उभं राहून परक्यांना वर-खाली नेणाऱ्या माणसाकडे घरी येईपर्यंत शब्द उरायचे नाहीत. म्हणून काकूंनी "मला कॉकॅटिल हवाय, तो तुरेवाला छोटा पोपट" म्हटलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. सूतगिरणीच्या धुळीत राबून, दम्याने छातीचा भाता करून घेतलेल्या या बाईने किती वर्षांनी काहीतरी मागितलं होतं.

दुकानदार भला होता. "महिनाभर ठेवून बघा, झेपलं तर तुमचा," म्हणाला. "एकटा ठेवलात तर झुरतो. पंधरा-वीस वर्षं जगतो. आणि पिसांतून पिठासारखी धूळ झडते. घरात कुणाला दमा वगैरे?"

"छे हो," काकू म्हणाल्या. काका तोंड उघडणार तोवर त्यांनी पिंजरा उचललाही होता. काका गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात कोण धरणार?

पाखरू लाघवी निघालं. गालांवर केशरी ठिपके, डोक्यावर तुरा. काकूंच्या खांद्यावर बसून शीळ घालायचं. काकू त्याच्याशी तासन्‌तास बोलायच्या.

"खोकला?" काका कामावरून आले की विचारायचे.

"अजिबात नाही."

घरात हसू ऐकू येत होतं, तेव्हा काकांनी खोलात जायचं टाळलं.

महिना भरत आला. एका संध्याकाळी काका चहा पीत होते, काकू गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. पिंजऱ्यातून खोकल्याची उबळ आली. कोरडी, लांबलेली, शेवटी ओढून घेतलेला श्वास. हुबेहूब काकूंची. पाखरू दिवसभर जे ऐकत होतं तेच म्हणत होतं.

काकू कपड्यांचा ढीग घेऊन दारातच थबकल्या.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"आणल्यापासूनच. तुम्ही घरात असलात की दाबते."

"उद्या परत देऊन येतो."

"तुमच्या लिफ्टमध्ये दिवसभर माणसं चढतात-उतरतात. इथे कोण येतं हो? जीव वाचवाल माझा, पण तो घेऊन करू काय दिवसभर?"

काकांनी चहाचा कप विसळून ठेवला. सकाळी पिंजऱ्यावर फडकं टाकून ते निघाले. काकूंनी अडवलं नाही, पण दारापर्यंतही आल्या नाहीत.

"काय, पटलं नाही का तुमचं?" दुकानदाराने विचारलं.

"पाखराचं काही चुकलं नाही," काका म्हणाले आणि कामाच्या वाटेला लागले. काकू आता दिवसभर एकट्या असतील हे त्यांना ठाऊक होतं. आणि तरीही आपण बरोबरच केलं, याचंच त्यांना फार वाईट वाटलं.