परक्या नावांच्या वाट्या

"नाव मोठं टाका भाऊ. मागच्या वेळी बारीक टाकलं, त कढई जावेच्या घरीच राह्यली ना."

भांड्यांच्या दुकानात माझ्या शेजारी उभी असलेली बाई नाव टाकणाऱ्या काकांना सांगत होती. लग्नाच्या खरेदीसाठी ती सकाळच्या बसनं रामपायलीहून आली होती. तिच्यासमोर नव्या ताटांची चळत होती.

काकांनी मान वर न करता विचारलं, "काहून? जावेले वाचता येत नाही काय?"

"येते ना. म्हणे, याच्यावर नाव कुठं हाय, नुसत्या मुंग्या हायेत."

दुकानात सगळे हसले. काकाही हसले. मी हसले नाही, कारण मी त्या मुंग्यांसाठीच आले होते.

मी डिझाइन कॉलेजात शिकत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मध्य प्रदेशातल्या बालाघाटला घरी आले होते. सुट्टीत प्रत्येकानं स्वतःचा एक फॉन्ट तयार करायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी इंग्रजी अक्षरं घेतली. मीही तेच करायला हवं होतं, कारण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. देवनागरी मी हिंदीच्या पुस्तकातून शिकले. मराठी फक्त घरात, तीही बोलण्यापुरती. पण होस्टेलच्या मेसमध्ये घरून नेलेल्या ताटात जेवताना माझं लक्ष काठावरच्या बाबांच्या नावाकडे जायचं. बारीक ठिपक्यांची अक्षरं, थोडी उजवीकडे कललेली, आणि वरची रेघ ताटाच्या वळणासोबत वळलेली. आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर तोच हात होता, याच काकांचा. आईच्या लग्नात आलेली भांडी धुताना, कोणतं ताट कोणी दिलं, हे मी लहानपणी वाचत बसायचे. परीक्षेत न येणारी देवनागरी मी पहिल्यांदा तिथेच वाचली.

म्हणून मी ठरवलं, फॉन्ट याच अक्षरांचा करायचा.

पहिले काही दिवस मजेत गेले. काठावर कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासायची, की अक्षरं कागदावर उमटतात. फोटोपेक्षा हे बरं, कारण फोटोत स्टीलच जास्त चमकतं. घरातली भांडी झाली, दोन्ही मावश्यांच्या घरची झाली. ते सगळं मी लॅपटॉपवर गिरवून घेतलं आणि आमच्या मॅडमना पाठवलं.

व्हिडिओ कॉलवर मॅडमनी एकेक अक्षर मोठं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "गोळा छान केलंस. पण हे अजून गिरवणंच आहे. ढ कुठे आहे? झ? ऐ? या हातानं ढ कसा काढला असता, हे तुला कळलं, तरच हा फॉन्ट होईल. नाहीतर विषय बदल, अजून वेळ आहे."

त्यांचं खरं होतं. भांड्यांवर नावं असतात, आणि नावांत सगळी अक्षरं येत नाहीत. र, म, श, क यांची माझ्याकडे रास होती. ढ एकही नव्हता.

खरं तर दुकानात जाऊन काकांना विचारलं असतं, तर काम तिथेच झालं असतं. पण मागणं मला जमत नाही. पाणीपुरीवाल्याला "तिखट कमी" म्हणता येत नाही म्हणून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाते. मी दुकानात जाऊन बसायचे आणि पाहायचे. काकांचा उजवा हात मशीन धरून जवळजवळ स्थिर असायचा. डावा हात भांडं फिरवायचा. अक्षराची गोलाई लिहिणाऱ्या हातातून येत नव्हती, फिरणाऱ्या भांड्यातून येत होती. हे लक्षात आलं त्या दिवशी मी घरापर्यंत चालत गेले, रिक्षा करायचंसुद्धा सुचलं नाही. पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं काकांचा पंजा आड यायचा. अक्षर कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, ते दिसायचं नाही.

मग मी एक युक्ती काढली. एक लहान वाटी विकत घेतली आणि नावाची चिठ्ठी काकांपुढे सरकवली. नाव टाकणारे चिठ्ठी बघूनच टाकतात, त्यामुळे बोलावं लागत नाही. चिठ्ठीवर मी एक आडनाव लिहिलं होतं, ढ नं सुरू होणारं. असं आडनाव कोणाचं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ते रात्रीच्या जेवणाला भात कालवता कालवता बनवलं होतं.

मशीन टर्रर्र वाजली. वाटी फिरली. पंजा आडवा आला.

"लग्न हाय काय घरी?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, मलाच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी झ ची वाटी घेतली. मग ऐ ची. आठवडाभरात सहा वाट्या झाल्या, सहा कुटुंबांच्या, जी जगात नव्हती. त्या मी स्वयंपाकघरातल्या मांडणीत मागच्या रांगेत ठेवल्या. भांड्यांत भांडी कोणाला दिसणार?

आईला दुसऱ्याच दिवशी दिसली.

"काय व, ह्या वाट्या कोणाच्या?" तिनं मला विचारलं. मी खांदे उडवले. आई खाली बसली आणि एकेक वाटी उलटसुलट करून पाहू लागली. दुसऱ्याच्या नावाचं भांडं आपल्या घरी राहणं ही तिच्या दृष्टीनं फार वाईट गोष्ट. कोणीतरी काहीतरी घालून दिलं असणार, आपण खाल्लं आणि वाटी परत केली नाही. "अन एक नाही, सहा! लोक काय म्हणत असतीन आपल्याले?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायला उठले.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायका थोडा वेळ बसतात. आईनं पिशवीतून वाट्या काढल्या आणि सतरंजीवर मांडल्या.

"पाह्या बरं, कोणाच्या हायेत? माया घरी कशा आल्या, मलेच समजून नाही राह्यलं."

वाट्या हातोहात फिरल्या. "हे आडनाव त मी जन्मात नाही ऐकलं," एक काकू म्हणाल्या. "गोंदियाकडले असतीन." दुसरी म्हणाली, "वाटी मागाले आले नाही, म्हणजे खातेपिते लोक दिसतात." मी खांबाला टेकून मोबाइल पाहत होते.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एका वहिनीनं ढ ची वाटी उचलली. "ह्या नावाचं एक घर आमच्या राजेगावले हाय. द्या मायाजवळ, मी उद्या माहेरी जाऊनच राह्यली."

रिकामी वाटी परत करत नाहीत. संध्याकाळी आईनं तिच्यात नवं आंब्याचं लोणचं भरलं, वरून कापड बांधलं आणि ती वहिनीकडे पोचवली. शिसपेन्सिल घासून घ्यायची नेमकी तीच एक वाटी राहून गेली होती.

तीन दिवसांनी वहिनी परत आली. "काकू, वाटी त्याइचीच होती! म्हातारीनं पाह्यल्याबरोबर ओळखली. म्हणे, किती दिवसाची हरवली होती व! लोणचंबी आवडलं."

आईचा चेहरा मोकळा झाला. माझं मात्र डोकं चालेना. जेवताना बनवलेल्या आडनावाला राजेगावात घर होतं, म्हातारी होती आणि हरवलेली वाटीसुद्धा. माझा एकुलता एक ढ आता तिच्या मांडणीत होता.

"पाह्य," आई मला म्हणाली, "एकीचा मालक सापडला, त पाचांचेबी सापडतीन. नाव टाकणाऱ्याले विचारू. त्याले सगळं याद असते. चप्पल घाल."

दुकानात दुपारची सामसूम होती. काका मशीनची वायर गुंडाळत होते. आम्हाला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं.

"या ताई. झाली काय लग्नाची तयारी?"

"कोणाच्या लग्नाची?" आई म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चमच्यांच्या डब्याकडे पाहिलं. आईनं पाचही वाट्या गल्ल्यावर ओळीनं ठेवल्या.

"भाऊ, ही नावं तुमच्याच हातची ना? कोणी टाकून घेतली, सांगा बरं. वापस करायच्या हायेत."

काकांनी चष्मा लावला. पहिली वाटी फिरवून पाहिली, मग दुसरी. शेवटच्या वाटीवर त्यांनी पाचच दिवसांपूर्वी माझ्यासमोर नाव टाकलं होतं. ती त्यांनी जरा जास्त वेळ हातात ठेवली. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं, चष्म्याच्या वरून.

"याद नाही ताई," ते हळूच म्हणाले. "दिवसाले किती नावं टाकतो बापा. कोणाचं कोणतं, कसं सांगू?"

माझ्यासाठी ते खोटं बोलले होते. मी आजवर त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

"बरं," आई वाट्या पिशवीत भरू लागली. "मग आता घरोघरी विचारा लागन. पाच जागी लोणचं द्या लागन, दुसरं काय."

आणि पाच म्हाताऱ्या वाट्या ओळखतील, मी मनात म्हटलं. काकांच्या हातात शेवटची वाटी अजून होती. ती त्यांनी सवयीनं अंगठ्यानं हळूच फिरवली, जशी अक्षर काढताना फिरवत. त्यांच्या बाजूला, भिंतीला लागून, एक मोकळं स्टूल होतं. तिथून पंजा आड आला नसता.

"आई, थांब," मी म्हणाले. "ह्या वाट्या कोणाच्याच नाहीत. ही नावं मीच टाकून घेतली, मनानं बनवून. घरी लग्नबिग्न काही नाही. काका, मले तुमचं अक्षर पाहिजे, सगळं, अ पासून ज्ञ पर्यंत. तुम्ही टाकताना मले तुमच्या बाजूनं पाहायचं आहे. तिथं बसू काय?"