देवजीचा हात

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत उशाशी बसून मी बरंच काही बोललो — एवढं सोडून. मुलांना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. कदाचित तेही नसेल.

मी जव्हारचा. गाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेला. वसंता नुसता कान लावतो नि इंजिनाचं दुखणं सांगतो, असं लोक म्हणायचे. खोटं नव्हतं ते. आणि तिथंच तर — पण थांबा. आधी क्लचचं सांगतो, नाहीतर मी काय केलं ते तुमच्या ध्यानात यायचं नाही.

मोटारसायकलच्या क्लचची दुखणी मुळात दोन. एक, तो धरत नाही. इंजिन ओरडतं, चढावर गाडी मात्र पुढं सरकत नाही. आतल्या प्लेटांवरच्या बुचाच्या चकत्या जळल्याचा वास येतो. हे दुखणं कुणीही ओळखेल. दुसरं त्याच्या उलट — तो सोडत नाही. तुम्ही मूठ पूर्ण दाबलीत, इंजिन नि चाक यांची फारकत व्हायला हवी, तरी गाडी आपली पुढं ओढतच राहते. हे दुखणं लबाड असतं. आता असतं, मग नसतं. चालवणाऱ्याला वाटतं, आपलंच काही चुकलं.

आपलंच काही चुकलं. हे वाक्य मला पुढं फार पुरलं.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी दरबारच्या मोटारखान्यात कामाला होतो. वडील तिथल्याच तबेल्यात मोतद्दार. आम्ही राजाची माणसं — हे घरात कुणी मोठ्यानं म्हणत नसे, पण जेवायला बसलेला प्रत्येकजण ते धरून चालायचा. मग घोडे गेले, मोटारी सरकारजमा झाल्या, वडील ओट्यावर बसून राहू लागले. मी बाजाराच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड टाकली. पोटापुरतं काम मिळायचं. पण मान? ती कुठल्या शेडमध्ये मिळते?

मोटारखान्यात एक विलायती मोटारसायकल होती. लढाईच्या आधीची, काळी, टाकीवर सोनेरी रेघ. एका साहेबांची खासगी. तिला पुसायचा मी, तेल द्यायचो मी, तिच्या इंजिनाचा ठोका मला झोपेतही ऐकू यायचा. पण चालवायची फक्त आवारात. फाटकाबाहेर कधी नाही. साहेब जव्हार सोडून चालले, तेव्हा मला वाटलं, आता तरी विचारतील. नाही विचारलं. गाडी त्यांनी देवजीला देऊन टाकली.

देवजी माझ्या वर्गातला. दाभोशाकडच्या एका पाड्यावरचा. डोंगरातून पायी यायचा, वर्गात माझ्या शेजारी बसायचा, माझ्या डब्यातली भाकरी खायचा. मी शाळा सोडली. तो शिकत राहिला, मास्तर झाला, त्याच्या पाड्यातला पहिला. मोखाड्याच्या बाजूला त्याची शाळा होती. शिवाय लांबच्या एका पाड्यावर तो मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचा, आपल्या हौसेनं. साहेबांच्या मुलांना त्यानं कधीतरी शिकवलं होतं, त्याची ती आठवण. म्हणजे गाडी त्याला रीतसर, प्रेमानं मिळाली. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं.

मला ते सहन झालं नाही. बस, एवढंच. ह्याला दुसरं मोठं नाव मी पुष्कळ वर्षं शोधत होतो. नाही सापडलं.

देवजी गाडी शिकला तो माझ्याच हाताखाली. चांगला शिकला. भागी वहिनी, त्याची बायको, मागं बसायची. डोंगरातली बाई, पदर खोचून, मुलगी झोक्यावर बसावी तशी हसत बसायची. घाट चढताना तिचं हसणं इंजिनाच्या वर ऐकू यायचं. जव्हारात लोक थांबून बघायचे. कुणी कौतुकानं, कुणी — माझ्यासारखे.

एके दिवशी सकाळी तो शेडवर आला. गाडी ढकलतच आणली होती.

"वसंता, बघ ना रे हिला. मूठ पूर्ण दाबली तरी कधीकधी ओढते. काल म्हशीच्या अंगावर जात होती."

"कधीकधी म्हणजे?"

"म्हणजे कधी शहाण्यासारखी सोडते, कधी नाही. मला वाटतं माझंच काही चुकतं."

आयतं वाक्य त्यानं माझ्या हातात दिलं. पण त्या क्षणी मी ते घेतलं नव्हतं, हे खरं आहे. मी रोजच्यासारखा कामाला बसलो. आधी केबल पाहिली. मुठीला हवी तेवढी ढील होती. केबलचं दुखणं नाही. मग बाजूचं झाकण काढलं, स्प्रिंगा पाहिल्या. त्या कमीजास्त आवळल्या गेल्या की प्लेट वाकडी उचलते नि असंच होतं. स्प्रिंगा सारख्या होत्या. मग एकेक प्लेट बाहेर काढली. प्लेटा ज्या डब्यात बसतात, त्याच्या काठाला उभ्या खाचा असतात. प्लेटांचे कान त्या खाचांतून पुढंमागं सरकतात. मी खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं.

बोटाला खळगे लागले.

वर्षानुवर्षं त्या कानांनी ठोकून ठोकून कडा खाल्ली होती. मूठ दाबली की प्लेटा सुटायला जायच्या नि त्या खळग्यांत अडकायच्या. कधी अडकायच्या, कधी नाही. झालं. दुखणं सापडलं होतं. कानस घेऊन कडा सपाट करायच्या — दुपारपर्यंतचं काम. मी कानशीकडं हातसुद्धा नेला होता.

देवजी शेजारी उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "पुढच्या महिन्यात भागीला घेऊन नाशिकला जाईन म्हणतो. तिनं रामकुंड पाहिलं नाही."

त्या गाडीवरून मी कधी आवाराच्या फाटकाबाहेर गेलो नव्हतो, आणि हा बायकोला घेऊन नाशिकला निघाला होता.

मी प्लेटा होत्या तशा बसवल्या. झाकण लावलं. हात पुसले. म्हणालो, "देवजी, गाडीत काही नाही रे. तुझा हात जड आहे. मूठ नीट दाबली जात नाही तुझी. जरा सवय कर."

त्याचा विश्वास बसला. का नाही बसणार? मी इंजिनाला कान लावून दुखणं सांगणारा माणूस. त्यानं आपल्या डाव्या पंजाकडं पाहिलं, मूठ उघडली, मिटली. ओशाळून हसला. आणि गाडी घेऊन गेला.

तुम्ही म्हणाल, मला काय माहीत पुढं काय होणार? माहीत होतं. म्हैस एकदा वाचली होती, दुसऱ्यांदा कुणीतरी सापडेल हे ज्याला कळत नाही, तो मिस्त्री कसला? मी त्याचा विचार केला नाही, एवढंच. विचार न करणं हेही माणूस ठरवूनच करतो.

त्यानंतरच्या आठवड्यात खोडाळ्याच्या बाजाराला मी गेलो होतो. तिथल्या गिरणीचं इंजिन बिघडलं होतं. बाजार भरात होता — सुकी मासळी, मडकी, नागलीची पोती. गिरणीच्या दारातून मला देवजी येताना दिसला. मागं भागी वहिनी, नवं लुगडं नेसलेली. गर्दी होती म्हणून तो अगदी हळू चालवत होता. अगदी जपून. मला आजही दिसतं ते — किती जपून चालवत होता. मडकीवाल्यापाशी एक बैलगाडी आडवी वळली. देवजीनं मूठ दाबली. पूर्ण दाबली. मी पाहिलं, त्याची बोटं दांड्याला चिकटली होती. क्लचनं सोडलं नाही. गाडीनं हिसका दिला, तो ब्रेक दाबतोय नि ती पुढं ओढतेय, हँडल फिरलं, आणि दोघंही मडक्यांवर आडवी झाली.

देवजीला खरचटलं. वहिनीचा उजवा हात अंगाखाली आला होता.

माणसं जमली. कुणी मडक्यांवरून ओरडत होतं, कुणी हसत होतं — मास्तर झाला म्हणून काय गाडी येते का, असं. देवजी वहिनीचं मनगट दोन्ही हातांत धरून बसला होता. मान वर करून त्यानं मला पाहिलं. गर्दीत एकटा मीच त्याच्या ओळखीचा.

"वसंता, मी मूठ दाबली होती रे. दाबली होती ना?"

सगळे माझ्याकडं वळले. तेवढ्या माणसांत त्याला एक शब्द हवा होता. आणि मी काय म्हणालो? आयुष्यभर ज्याला अरेतुरे केलं, त्याला मी त्या दिवशी अहोजाहो केलं.

"गुरुजी, तुम्हाला सांगितलं होतं. हात जड आहे तुमचा."

माणसं हसली. देवजीनं मान खाली घातली.

मनगट वैदूनं बसवलं. नीट बसलं नाही. वहिनीला त्या हातानं हंडा उचलता येईना, जातं ओढता येईना. देवजी पुन्हा गाडीवर बसला नाही. ती त्यानं बैलगाडीत घालून माझ्या शेडवर पाठवली. पाठोपाठ स्वतः चालत आला नि म्हणाला, "तूच ठेव. तुझ्या हाताला येते ती."

मी ठेवली. आणि — हेही सांगूनच टाकतो — तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी कानस काढली. दुपारपर्यंत काम झालं. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. मी ती गावाबाहेर शिरपामाळावर घेऊन गेलो. वारा होता, खाली सगळा मुलूख पसरला होता. मला आनंद झाला. आज क्लचची वाटत नाही तितकी लाज त्या आनंदाची वाटते.

लांबच्या पाड्यावरचा वर्ग त्या पावसाळ्यात बंद पडला. शाळा सुटल्यावर पायी जाऊन परतणं देवजीला जमेना, घरी पाणी भरायचं असे. हो, पाणी तोच भरायचा. एकदा सांगून टाकायचं ठरवून मी त्याच्या घरी गेलो होतो. तो विहिरीवरून येत होता, मास्तरचं धोतर वर खोचलेलं, डोक्यावर हंडा. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी म्हणालो, "अरे, कुणाला तरी सांग की पाणी भरायला."

"कुणाला सांगू? तिचा हात मी मोडला. मीच भरायला पाहिजे."

शब्द माझ्या तोंडाशी आले होते. खरंच आले होते. मी तांब्याभर पाणी प्यायलो, त्यानंच आणलेलं, आणि पाऊसपाण्याचं बोलून परत आलो.

देवजी फार जगला नाही. पन्नासचं दशक संपायच्या आत तापानं गेला. आजारपणातही पोरांना सांगायचा म्हणे, यंत्राच्या वाटेला जाऊ नका, आपल्या घराचा हात जड आहे. त्याचा मोठा मुलगा चलाख होता, माझ्या शेडमध्ये काम शिकायला येऊ का म्हणून विचारायला आला होता. मी त्याला म्हणालो, वडील सांगतात ते ऐक. रोज तो चेहरा समोर नको होता मला.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. वहिनीनं डाव्या हातानं चहा ओतून दिला. समोर भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "भावजी, एक इचारू?"

"विचारा."

"तेचा हात खरंच जड व्हता का? मना कवा वाटला नाय. पोर निजलेला असला ना, तं माझे मांडीवरना असा उचलून न्यायचा का पोर हलायचा बी नाय. मंग तो हात जड कसा व्हता?"

तिनं आरोप केला नव्हता. तिला काही संशयही नसावा. तिला फक्त कळत नव्हतं, आणि हे कळणारा माणूस तिच्या ओळखीत मी एकच होतो. देवजी गेला होता. धंदा, अब्रू, मैत्री — माझं त्यात आता काही जाणार नव्हतं. तिच्या दाराच्या आत, तिच्या एकटीपुढं, दोन शब्द बोलायचे होते.

मी म्हणालो, "यंत्राचं वेगळं असतं, वहिनी."

तिनं मान हलवली. "आसल," म्हणाली. मग वाकडं मनगट पदराखाली घेतलं आणि मला विचारलं, चहा आणखी घालू का.

मी कप पुढं केला.