बिनटीव्हीच्या काकांचा रिचार्ज

आमच्या शेजारच्या खोलीतल्या काकांइतका सरळ माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्या सरळपणाने आमच्या घरमालकांना जेवढं घायकुतीला आणलं तेवढं दुसऱ्या कशानेच आणलं नसेल. फुकटचं घ्यायचं नाही आणि पैसे भरले तर सोडायचं नाही, एवढाच काकांचा धर्म. लग्नात आधी आहेर करत, मगच पाण्याच्या ग्लासाला हात लावत. एकदा एसटीने निघाले असताना पाहुण्यांचं शेत तेरच्या अलीकडेच लागलं. कंडक्टर गाडी थांबवायला तयार होता, पण हे जागचे हलले नाहीत. "तिकीट तेरचं हाय," म्हणाले, तेरपर्यंत बसून गेले आणि उन्हातून मागे चालत आले.

मालक किराणा दुकानदार. ते वरच्या मजल्यावर, आम्ही भाडेकरू खाली. छतावर एक डिश होती. तिच्या वायरी आमच्या खोल्यांत सोडून मालकांनी सगळ्यांच्या भाड्यात रिचार्जचे शंभर रुपये वाढवले. आम्ही मुकाट्याने दिले. काकांकडे मात्र टीव्हीच नव्हता.

"मालक, माझ्याकडं टीव्हीच न्हाय की," काका म्हणाले.

"वायर दारापर्यंत आणून दिलीय. टीव्ही घ्या न्हायतर नका घेऊ. समद्यांना एकच नियम. जमत नसंल तर दुसरी खोली बघा."

"पूर्वी रेडिओचं लायसन असायचं. माझे वडील पोस्टात जाऊन भरायचे. ज्याचा रेडिओ त्याचं लायसन. मालकाच्या रेडिओचं भाडेकरूनं भरल्यालं म्या तर कधी ऐकलं न्हाय."

काकांची बायको त्याच खोलीत वारली होती, लेक सास्तूरला दिलेली. ती खोली सोडणं काकांच्या जिवावर येणार, हे मालकांनाही ठाऊक होतं. काकांनी निमूट शंभराची नोट काढून दिली. मला मालकांचा भयंकर राग आला आणि काकांचाही थोडा आला.

त्याच संध्याकाळी सात वाजता काका धुवट सदरा घालून मालकांच्या बैठकीत हजर झाले. "पैसे भरल्यात. माझ्यात टीव्ही न्हाय, तवा तुमच्यात बघतो," म्हणाले आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसले. मालकांना बातम्या लागायच्या, काकांना मालिका. मालकीणबाईंनाही मालिकाच हवी होती, त्यामुळे मालकांच्या बातम्या पहिल्याच दिवशी बुडाल्या. मग काकांच्या मागोमाग त्यांचे पाहुणे येऊ लागले. बेंबळीचे मेहुणे आले, सास्तूरहून लेक-जावई आले. दारात आलेल्या माणसाला चहा न देता वाटेला लावायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि जेवायची वेळ झाली की दोन घास खा म्हणावंच लागतं. काका स्वतः कपाला शिवले नाहीत. "चहाचं म्या भरल्यालं न्हाय," म्हणायचे. पाहुण्यांना मात्र असली अडचण नव्हती. दुकानातली साखर रोज वर जाताना बघून मालकांचा चेहरा उतरत चालला.

महिना संपायच्या आत मालक स्वतः खाली आले आणि काकांसमोर नोट धरली. "काका, तुमचं टीव्हीचं माफ. हे परत घ्या, आन् खोली सोडायचं मनातबी आणू नका."

"बघितलंय की मालक, परत कसं घिऊ? फुडलं तेवढं लावू नका."

काय तो विजय! मी आनंदाने पावशेर पेढे आणले. काकांनी अर्धे पैसे देऊनच पेढा तोंडात टाकला.

महिना भरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सात वाजले. काका पायरीवर बसले होते. वरून मालकीणबाईंनी हाक मारली, "काका, या की. आज तिचं लग्न मोडतंय."

"आता भरत न्हाय वैनी. कसं येऊ?"

जिंकलेला माणूस तिथेच बसून राहिला. थोड्या वेळाने वर टीव्हीचा आवाज वाढला. मग गॅलरीचं दार उघडलं, आणि ते उघडायला खुद्द मालक उठले होते. मालिकेतल्या पोरीच्या सासूचा शब्द न् शब्द खाली ऐकू यायला लागला. मी काकांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "वाऱ्यावर येतंय, त्याला म्या काय करू?"

पुढे कितीतरी संध्याकाळी तसंच चाललं. आता गुडघे दुखायला लागल्यावर लेक त्यांना सास्तूरला घेऊन गेली आहे. वरचा टीव्ही अजून सातला तसाच मोठ्याने लागतो, गॅलरीचं दार उघडंच असतं. माझे कान किटतात. आवाज जरा बारीक करा म्हणायला मी एकदोनदा बाहेरही आलो. पण मालकीणबाई मालिका चालू असताना मध्येच उठून खाली पायरीकडे वाकून बघतात, आणि मग मी काही न बोलता आत येतो.